न बिघडलेलं इंजीन

जयवंत पालवने मोटारसायकलचं इंजीन उघडलं तेव्हा ते बिघडलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सोसायटीतल्या बावीस बिऱ्हाडांनी त्याच्या बिघाडाबद्दल जी मतं दिली ती ऐकून कुणाचाही गैरसमज होईल. आदल्याच संध्याकाळी ही गाडी एका किकमध्ये सुरू होऊन मरोळच्या कंपनीतून अंधेरीच्या घरापर्यंत निमूट आली होती. थोडा धूर सोडायची. पण टू-स्ट्रोक गाडी म्हटली की धूर आलाच. गाडी कुठल्या कंपनीची ते विचारू नका. त्या बिचाऱ्या कंपनीचा यात काडीचाही दोष नव्हता.

इंजीन उघडलं ते वडिलांसाठी. काशीराम पालव, वय साठ, त्यातली एकतीस वर्षं गिरणीत गेलेली. संपानंतर गिरणीचं फाटक पुन्हा उघडलं तेव्हा आत घ्यायच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. तेव्हापासून बाबा पहिल्या मजल्यावरच्या खिडकीपाशी, खाटेवर. बोलणं म्हणजे ‘चहा’, ‘नको’ आणि ‘दार लाव’. सकाळी खाली जाऊन दूध आणायचं, नाक्यावरच्या मारुतीला हात जोडून यायचं, एवढंच घराबाहेरचं जग उरलेलं. यंदा गणपतीला सगळे गावी जाऊन आले, आणि आल्यावर बाबांनी भिंतीकडे बघत अख्खी दोन वाक्यं उच्चारली.

"दसरो झालो काय मी गावाक जातलंय. थंयच रवतलंय."

पितृपक्ष लागला होता म्हणून, नाहीतर ते तेव्हाच निघाले असते.

गावचं घर वर्षातले अकरा महिने बंद. जयवंतची आई संपाच्या आधीच गेली होती, त्यामुळे तिथे चूल पेटवणारं कोणी नाही. शेजारचं घर गाठायचं तर मधे पाण्याचा वहाळ. आणि बाबांना ब्लडप्रेशर. इथे सून गोळी हातावर ठेवते तेव्हा ती घेतली जाते, तिथे कोण ठेवणार? बाबा एकदा तिकडे गेले की पुढच्या गणपतीला आपल्याला दिसणार नाहीत, असं जयवंतच्या मनाने घेतलं.

"मग सांगा ना त्यांना, जाऊ नका म्हणून," त्याची बायको सुगंधा म्हणाली.

आता सुगंधाचं माहेर पडलं बोलक्या माणसांचं. पालवांच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नव्हती. जयवंत मॅट्रिक झाला तेव्हा बाबा ‘बरं झालं’ म्हणाले होते आणि त्याचं लग्न ठरलं तेव्हा नुसतं ‘बरं’. बाप-लेकाचं आयुष्यभराचं संभाषण एका इनलँड लेटरवर मावलं असतं आणि वर पत्ता लिहायला जागा उरली असती. अशा माणसासमोर उभं राहून ‘बाबा, मला तुम्ही इथे हवे आहात’ म्हणायचं म्हणजे जयवंतला चारचौघांत कपडे उतरवल्यासारखं वाटलं असतं. त्यापेक्षा इंजीन उतरवणं सोपं.

त्याचा विचार असा, की बाबांच्या हाताला काम नाही म्हणून बाबा खचले. एकतीस वर्षं ते यंत्रांत वावरले. घरातला स्टोव्ह, गळका नळ, गजराचं घड्याळ, सगळं त्यांच्याच हाताने सुधारलेलं. अशा माणसाच्या खिडकीखाली कुणी अडाण्याने इंजीन खोलून त्याची वाट लावायला घेतली, तर तो किती वेळ गप्प बसेल? पाच मिनिटं? दहा? मग ‘बाजूक सर’ म्हणत खाली येईल, पाना हिसकावून घेईल, आणि एकदा हात काळे झाले की गावाचं नाव काढणार नाही. अडाण्याचं काम जयवंत स्वतः करणार होता. त्यासाठी त्याला फारशी तयारी लागणार नव्हती. मागे त्याने घरचा फ्यूज बदलला होता तेव्हा अख्ख्या बिल्डिंगचे दिवे गेले होते.

रविवारी सकाळी नऊ वाजता त्याने खिडकीच्या बरोबर खाली पेपर अंथरले आणि पाने मांडले, तेही होईल तेवढा आवाज करत. बेत फक्त इंजिनाचं वरचं झाकण काढायचा. आत साचलेला कार्बन खरवडायचा, आणि वरून हाक येईपर्यंत खरवडत राहायचं. झाकणाच्या नटावर बोट ठेवून तो वर बघत म्हणाला, "कुठला पाना लागतो कोण जाणे." वरून हाक आली नाही.

आले ते विद्याधर टिपणीस. तळमजल्यावर राहणारे, रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. दुसऱ्याच्या कामात पडायची त्यांना इतकी हौस, की त्यांच्या दारावरून जाताना लोक हातातली पिशवी आड धरून जात.

"काय झालं गाडीला?"

"काही नाही हो, जरा कार्बन."

"कार्बन?" टिपणिसांचा चेहरा उजळला. "मग नुसतं झाकण काढून काय होतंय? सिलिंडर काढा. पिस्टन बघा. रिंगा गेल्यात तुमच्या. मी रोज बघतो ना धूर."

साडेनऊपर्यंत अकरा माणसं जमली. एक म्हणाला प्लग, एक म्हणाला पेट्रोलात रॉकेल असणार, आणि ज्याने जन्मात सायकलसुद्धा घेतली नाही त्या गृहस्थाने टायमिंगचा प्रश्न काढला. जयवंत सगळ्यांना हो म्हणत होता आणि डोळे वर लावून बसला होता. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनीबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या. बाई शाळेत शिकवायच्या आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला वर्गातला मुलगा समजायच्या.

"अरे जयवंत, तुझे बाबा गिरणीतले ना? मग या सगळ्यांना काय विचारत बसलास? त्यांना विचार की."

या वाक्याची जयवंत सकाळपासून वाट बघत होता. तो वर तोंड करून, नाक्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाबांचं काय विचारता बाई. अख्खी गिरणी त्यांच्या हाताखालून गेलीय. नुसत्या आवाजावरून सांगतील काय बिघडलंय ते."

अकरा माना एकदम वर झाल्या. खिडकीत कोणी नव्हतं. तीन वर्षांत भर सकाळी ती खिडकी पहिल्यांदाच रिकामी दिसत होती. खाली यायला निघाले, जयवंतच्या मनात आलं. जिन्याकडे बघत तो दहा मिनिटं पाना धरून बसून राहिला. कोणी आलं नाही. नंतर सुगंधाने सांगितलं की मामंजी मोरीत जाऊन दार लावून बसले होते. पोट बिघडलं असेल, जयवंत म्हणाला.

त्या दहा मिनिटांत टिपणिसांनी सिलिंडर वर ओढून काढला होता. आता पिस्टन. पिस्टन एका पिनेवर बसलेला असतो आणि पिनेच्या दोन्ही बाजूंना बारीक तारेची लॉकं असतात. लॉक काढण्याआधी खालच्या भोकात फडकं कोंबायचं असतं, हे कुठल्याही मेकॅनिकला ठाऊक असतं. त्या घोळक्यात मेकॅनिक कोणी नव्हता. टिपणिसांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, टिंग असा आवाज झाला, आणि ते लॉक उडून सरळ इंजिनाच्या पोटात गेलं. सगळे वाकून बघायला लागले. टॉर्च आली, लोहचुंबक आलं, मृणालिनीबाईंनी केसातला आकडा काढून दिला. लॉक काही सापडलं नाही.

"आता पूर्ण खोलावं लागणार," टिपणीस म्हणाले, आणि आपलं त्यात काही नाही अशा चेहऱ्याने जेवायला गेले.

असं ते कार्बन खरवडण्याचं काम वाढलं. संध्याकाळपर्यंत इंजीन गाडीवरून उतरलं, पुढच्या रविवारपर्यंत त्याचे दोन भाग झाले, आणि क्लच, गिअर, चकत्या, स्प्रिंगा, जिचं नाव बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं अशी एक बोटभर दांडी, हे सगळं पेपरावर पसरलं. ते लॉक मात्र टिपणिसांच्याच शर्टाच्या खिशात सापडलं. इंजिनाच्या पोटात ते गेलंच नव्हतं. टिपणीस म्हणाले, असं होतं कधीकधी.

सोमवारी सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र नाबर यांची नोटीस आली. नाबर समोरच्याच दारात राहायचे, पण नोटीस त्यांनी पोस्टाने पाठवली. ‘आपण सामायिक जागेत यंत्रसामग्री उघड्यावर मांडल्याचे निदर्शनास आले आहे. सदर यंत्रसामग्रीतून तेल गळून श्री. टिपणीस घसरले आहेत. तरी ती सात दिवसांत हलवावी.’ जयवंतने लेखी उत्तर दिलं की ती यंत्रसामग्री नसून वाहन आहे आणि वाहनाला पार्किंगची जागा मंजूर आहे. नाबरांना असं काही मिळालं की त्यांची भूक वाढायची. त्यांनी संध्याकाळी जयवंतला जिन्यातच गाठलं.

"पालव, वाहन कशाला म्हणायचं? जे वाहून नेतं त्याला. तुमच्या सांगाड्याला इंजीन नाही. म्हणजे ते वाहन नाही. वाहन नाही म्हणजे पार्किंग नाही. उरलं भंगार, आणि भंगाराची उपविधीत तरतूद नाही."

"मग मी काय करू?"

"वाहन असल्याचा दाखला आणा."

जयवंतने अर्धी रजा टाकली आणि वाहनांच्या कचेरीत गेला. खिडकीवरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "देतो की दाखला. गाडी चालवत आणा इथे." जयवंत परत आला. कमिटीने शेवटी दोन तास चर्चा करून ठराव केला, की सांगाडा माणुसकीच्या दृष्टीने राहू द्यावा, सुटे भाग मात्र उचलावेत.

एक खोली-स्वयंपाकघरात एक अख्खं इंजीन कुठे ठेवायचं? पण अंधेरीत माणसं चांगली, हे कबूल करायला पाहिजे. मृणालिनीबाईंनी क्लचच्या चकत्या शोकेसमध्ये बक्षिसांच्या कपांशेजारी ठेवल्या. गिअर तिसऱ्या मजल्यावर गेले. पिस्टन टिपणिसांनी स्वतः मागून नेला आणि कार्बन सुटावा म्हणून सोडा घालून तासभर उकळला. पिस्टन ॲल्युमिनियमचा. सोड्यात त्याचं काय होतं हे केमिस्टला माहीत असायला हरकत नव्हती. पातेल्यातून निघाला तो खडबडीत काळा गोळा, त्याला पिस्टन म्हणायला जीभ रेटेना. टिपणीस म्हणाले, कार्बन मात्र गेला. इंजिनाची मोठी जड पेटी तेवढी, सिलिंडरसकट, घरात राहिली, बाबांच्या खाटेखाली. खाटेवरून उतरताना बाबा तिला पाय लागू नये म्हणून लांब टाकायला लागले.

येणारे-जाणारे आता एकच विचारत. "काकांनी बघितलं का?" "काका काय म्हणतात?" दूधवाल्याने विचारलं, इस्त्रीवाल्याने विचारलं. नाबरांनी तर तोडगा म्हणून कमिटीत ठेवलं की श्री. काशीराम पालव यांच्या देखरेखीखाली काम होणार असेल तर मुदत वाढवू. जयवंत प्रत्येकाला म्हणायचा, "बघतायत ते. एकदा हात लावला ना, की झकास होईल सगळं." आणि रोज ऑफिसातून आल्यावर खाटेसमोर बसकण मारून, कुठलाही नट कुठल्याही बोल्टला लावत बसायचा. मोठ्याने सुस्कारे टाकायचा. बाबा खिडकीबाहेर बघायचे.

नवरात्रात एक दिवस सुगंधा म्हणाली, "मामंजींनी दूध आणायचं सोडलंय. मारुतीलाही जात नाहीत. आठ दिवस झाले, दाराबाहेर पाऊल नाही."

"हात शिवशिवत असतील. घुटमळतायत."

"जेवतही नाहीत धड."

"अगं, मनात इंजीन घोळत असणार. मी ओळखतो ना त्यांना."

सुगंधाने त्याच्याकडे बघितलं. "अहो, एकदा सरळ विचारा ना. तोंड आहे ना देवाने दिलेलं?"

"असं विचारून नसतं येत माणूस," जयवंत म्हणाला. "त्याला आपणहून वाटलं पाहिजे." आणि आपल्याला माणसांतलं किती कळतं याचं त्याला थोडं कौतुकही वाटलं.

बाबांनी मात्र एक काम केलं. नाबरांच्या मुलाला एसटीचं तिकीट काढून आणायला सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

ते तिकीट खुंटीवरच्या कॅलेंडरला टोचलेलं बघितलं तेव्हा जयवंतची हिंमत गळाली. दसऱ्याला तीन दिवस उरले होते. त्याने हार मानून मरोळहून भीमराजला बोलावलं. भीमराज तिथला नावाजलेला मेकॅनिक. त्याने घरोघर फिरून एकेक भाग बघितला, मृणालिनीबाईंकडे चहा घेतला, टिपणिसांकडचा काळा गोळा बोटांत फिरवून बघितला आणि खाली ठेवला. मग त्याने जयवंतला बाजूला घेतलं.

"साहेब, एक विचारू? गाडी चालू होती ना?"

"हो."

"त्रास काय देत होती?"

"काही नाही."

"मग खोलली कशाला?"

कंपनीत डिस्पॅचचे दोन कारकून हाताखाली असलेला माणूस, स्वतःच्या बिल्डिंगखाली, एका मेकॅनिकसमोर खाली मान घालून उभा राहिला. खरं उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर भीमराजला कळलंही असतं कदाचित. पण जयवंत म्हणाला, "असंच. हौस." भीमराजने त्याच्याकडे दयेने बघितलं. नवा पिस्टन लागेल, सिलिंडर घासून घ्यावा लागेल, दिवाळीनंतर बघू, तोवर सगळं पुसून कोरडं ठेवा, नाहीतर गंज चढेल, असं सांगून तो गेला. कशाने पुसू विचारलं तर म्हणाला, वेस्ट आणा. गॅरेजवाले हात पुसतात ना, त्या दोऱ्यांचा गुंता. किलोवर मिळतो.

दसऱ्याच्या सकाळी बिल्डिंगखाली सगळ्या गाड्या धुऊन पुसून उभ्या होत्या, हँडलला झेंडूचे हार. जयवंतनेही आपल्या सांगाड्याला एक हार घातला. तो पोकळीतून खाली ओघळून लोंबायला लागला, तेव्हा तो बघवेना म्हणून जयवंत वर आला. जेवणं झाली. बाबांची पेटी भरून दाराशी ठेवलेली. जयवंतने खाटेखालची इंजिनाची पेटी ओढली, वेस्टचं पुडकं फोडलं, आणि आता कसलाही बेत मनात न ठेवता, नुसतं काम म्हणून सिलिंडर पुसायला घेतला.

तेवढ्यात खाटेवरून एक हात पुढे आला.

जयवंतने तो सिलिंडर दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तसा त्या हातात ठेवला. बाबांनी तो घेतला, बाजूला खाटेवर ठेवला, आणि हात परत पुढे केला. जयवंतने पाना दिला. बाबांनी पानाही बाजूला ठेवला. मग ते स्वतःच वाकले आणि त्यांनी वेस्टचा मूठभर गुंता उचलला. तो उजेडात धरला. एक धागा ओढून काढला, दोन बोटांत फिरवला, ओढून तोडला, तुटलेलं टोक जिभेला लावलं.

"ह्या खंयसून हाडलंस?"

"मरोळहून. पुसायला."

"पुसूक?" बाबा धाग्याकडे बघत राहिले. "सूत बरा आसा. ताण्याचा आसा ह्या." आणि त्यांनी दोन टोकं एकत्र आणून बोटांनी काहीतरी केलं, ते इतक्या झटकन की जयवंतला दिसलंच नाही. धागा अखंड झाला होता. गाठ दिसत नव्हती. मग दुसरा, मग तिसरा. दाराशी सुगंधा ताट हातात धरून उभी राहिली होती, ती हलली नाही.

बराच वेळ झाल्यावर जयवंत म्हणाला, "बाबा, हे पुसून झालं की आपण बसवायला घेऊ या? तुम्ही सांगा, मी करतो."

बाबांची बोटं थांबली. "माका काय सांगतस? माका इंजिनातला काय कळना नाय."

"असं काय करता? एकतीस वर्षं तुम्ही..."

"मी साचेवालो. कापड इणूचा. साचो चलवूचो, आणि मोडलो तर फिटराक बोलवूचो. साच्याक पानो लावची आमका सोय नाय. लावलो तर मेमो." ते बोलत होते ते धाग्याकडे बघून. "स्टोव्ह काय, कोण पण दुरुस्त करता."

जयवंत सिलिंडरकडे बघत बसला. बापाने एकतीस वर्षं मागावर कापड विणलं हे तो आज, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पहिल्यांदा ऐकत होता. शाळेच्या फॉर्मवर तो वडिलांचा व्यवसाय ‘गिरणी’ असा लिहीत आला होता, आणि कुणी पुढे विचारलं नव्हतं. त्यानेही नाही.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू माका इचारलंस खंय? खाली सगळे म्हणतत, काकांका इचारा, काकांका इचारा. तू सांगतस, अख्खी गिरण तेंच्या हाताखाली. मी खाली येवन काय सांगतलंय? तुझी मान खाली जायत." धागा बोटाला गुंडाळत ते म्हणाले, "म्हणान भायर जावचाच सोडलंय."

ज्याच्यासाठी सगळं मांडलं त्यालाच आपण घरात कोंडून घातलं होतं. जयवंतला रडू यायला लागलं आणि ते लपवायला त्याने वेस्ट तोंडावर घेतलं. त्यामुळे तोंड काळं झालं, तेवढंच. आणि मग जे बोलायला इतके दिवस जमलं नव्हतं ते त्या काळ्या तोंडाने तो बोलून गेला. "बाबा, जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. "हय बसान काय करू? खिडकी बघू?" ते म्हणाले. "आणि तिकीट काढलेला आसा."

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर ते दोघं वेळेच्या तासभर आधी पोचले. गाड्या येत होत्या, जात होत्या. बाकड्यावर पेटी मधे ठेवून दोघं बसले. आता काय बोलायचं? जयवंतने घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "बाबा, साचा कसा चालवायचा?"

आधी बाबांना वाटलं तो उगीच विचारतोय. मग ते सांगायला लागले. आधी दोन साचे होते, पुढे चार दिले. चार साचे म्हणजे चार ठिकाणी डोळा ठेवायचा. ताण्यातून आडवा धोटा कसा धावतो, त्यातली सुताची कांडी संपायच्या आत कशी बदलायची, ताण्यातला एक धागा तुटला आणि लक्ष गेलं नाही तर पुढचं वारभर कापड कसं वाया जातं. लवू नावाचा शेजारचा साचेवाला कसा लांबून खूण करायचा. खूण का, जयवंतने विचारलं. बाबा म्हणाले, आवाज. साचेखात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. एकमेकांशी बोलायचं ते हातांनी. सगळी सुखदुःखं हातांनी. जयवंतचा जन्म झाला ते लवूने त्यांना चौदा साच्यांपलीकडून हातांनीच सांगितलं होतं.

बाबा इतकं बोलू शकतात हे जयवंतला माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा निराळाच दिसत होता, चाळीस वर्षांच्या माणसाचा. गाडी उशिरा यावी, जमल्यास येऊच नये, असं जयवंतला वाटत होतं. ती वेळेवर लागली. त्याने पेटी वर चढवली, गोळ्यांची पुडी खिशात घातली, कधी घ्यायच्या ते दोनदा सांगितलं. बाबा खिडकीपाशी बसले. जयवंत खाली उभा राहिला.

"तुटलेला सूत गावला," बाबा खिडकीतून पुढे सांगत होते, "काय आदी साचो थांबवूचो. मगे तेचा टोक..."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. सगळी गाडी थरथरायला लागली, काचा खडखडल्या, आणि बाबांचे ओठ हलताना दिसले पण शब्द ऐकू येईनात. जयवंतने कानामागे हात धरला. बाबांनी मान हलवली, बोलायचं थांबवलं आणि दोन्ही हात खिडकीबाहेर काढून ते हातांनी सांगायला लागले. बोटं जुळली, सुटली, एक बोट जयवंतकडे झालं, मग छातीकडे, मग परत जुळली. ते गाठीचंच सांगत होते की आणखी काही, कोण जाणे. कंडक्टरने दोनदा घंटी दिली. गाडी फाटकातून वळेपर्यंत हात चालूच होते.

जयवंत प्रत्येक खुणेला मान डोलावत होता. त्याला त्यातलं काहीही कळत नव्हतं.